पायांची विचारपूस

परभणीजवळच्या आमच्या गावी ढाळजेच्या पायरीशी पाण्याने भरलेला रांजण आणि त्यावर पितळी तांब्या कायम असे, आणि शेतातून, शाळेतून किंवा बाजारातून आलेल्या कोणालाही पायांवर पाणी घेतल्यावाचून उंबरा ओलांडता येत नसे. मला तो जाच वाटे, कारण आजी नुसते पाणी ओतून सोडत नसे. "लेकरा, पाय दाव," असे म्हणून ती तळवा वळवून पाही, बोटांच्या बेचक्यांत अंगठा फिरवी, जुन्या लुगड्याच्या तुकड्याने त्या कोरड्या करी आणि कुठे बाभळीचा काटा मोडून राहिला असेल तर सुईने अलगद काढी. पाय धुण्याच्या निमित्ताने ती रोज आमच्या पायांची तपासणी करत होती, हे ध्यानात यायला मला पन्नाशी गाठावी लागली.

त्यालाही निमित्त घडले ते मुरगळलेल्या घोट्याचे. मृगाच्या पहिल्या पावसानंतर धुऱ्यावरून चालताना काळ्या मातीचे गोळे चपलेला चिकटत गेले, पाऊल आतल्या बाजूला वळले आणि मी खाली बसलो. मुरगळ चोळून उतरवायची, या पिढीजात श्रद्धेपायी मी गरम तेलाने घोटा चांगला रगडून घेतला, आणि दिवेलागणीपर्यंत घोटा कुठे संपतो आणि पिंडरी कुठे सुरू होते हे कळेनासे झाले. डॉक्टरांनी ऐकून कपाळाला हात लावला. अशा वेळी घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले गेलेले असतात, त्यामुळे पहिले दोन दिवस चोळणे आणि शेकणे दोन्ही टाळावे. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, पाय उशीवर उंच घ्यावा, आणि चार पावलेही टाकता येत नसतील तर मुकाट्याने एक्स-रे काढावा, असे त्यांनी सांगितले. सूज उतरली तरी घोट्याचा तोल लगेच परत येत नाही आणि तो पुन्हा पुन्हा दगा देतो, म्हणून रोज एका पायावर उभे राहण्याचा व्यायामही त्यांनी दिला. तो मी दात घासताना करतो. घरात त्यावरून मला बगळा हे नाव पडले आहे.

त्या सक्तीच्या विश्रांतीत मी प्रथमच स्वतःची पावले निरखून पाहिली. एकेका पावलात 26 हाडे, म्हणजे दोन्ही मिळून 52. शरीरातल्या 206 हाडांपैकी चौथा हिस्सा या दोन कोपऱ्यांत दाटीवाटीने राहतो. टाचा तर वैशाखातल्या आमच्या रानासारख्या भेगाळलेल्या होत्या. तळव्यांच्या त्वचेत घामाच्या ग्रंथी भरपूर असल्या तरी तेलाच्या ग्रंथी मुळीच नसतात, त्यामुळे बाहेरून स्निग्धता मिळाली नाही की टाच तडकते. आजी रात्री वज्रीने टाचा हलक्या हाताने घासून करडईचे तेल जिरवत असे. काशाच्या वाटीने तळवे घासताना येणारा काळेपणा म्हणजे अंगातली उष्णता, असे ती सांगे. तो धातूचा आणि तुपाचा संयोग असतो, पण त्या घासण्याने येणारी झोप मात्र खरी होती.

शहाबादी फरशीवर अनवाणी उभे राहून स्वयंपाक करणाऱ्या माझ्या पत्नीची तक्रार निराळी होती: सकाळी उठल्यावर पहिली चार पावले टाचेत खिळा ठोकल्यासारखी. तळव्याखालचा पट्टा रात्रभर आखडलेला असतो आणि पहिल्या पावलांना तो एकदम ताणला जातो. अंथरुणातच पाऊल स्वतःकडे ओढून तो सैल करायचा आणि ओट्यापाशी मऊ चप्पल घालायची, एवढ्याने तिला पुष्कळ उतार पडला. नवी चप्पल संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घ्यावी, हेही आम्ही तेव्हाच शिकलो.

आईची गोष्ट मात्र साधी नाही. तिला वीस वर्षांपासून साखर आहे. तळपायाची आग मस्तकात जाते असे आपण म्हणतो. जुन्या मधुमेहात कित्येकदा तळपायाची बातमीच मस्तकापर्यंत पोहोचत नाही. गेल्या उन्हाळ्यात परसातून ती शांतपणे चालत आली, पायांवर पाणी घेतले, आणि पायरीवर पाण्याबरोबर तांबूस ओघळ उतरला. चपलेच्या तळातून बाभळीचा काटा टाचेत शिरला होता आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. वेळीच दिसला म्हणून जखम चिघळली नाही. तेव्हापासून घरातही तिच्या पायात चपला असतात, पायात घालण्यापूर्वी त्या झटकल्या जातात, पायांसाठीचे पाणी कोपराने अजमावले जाते, आणि तेल लावले तरी बोटांच्या बेचक्या कोरड्याच ठेवल्या जातात.

आता तिला वाकवत नाही. म्हणून दिवेलागणीला ती ढाळजेत पाटावर बसते, चष्मा पुसते आणि हातआरसा खाली धरून एकेक तळवा त्यात पाहते. परवा पाहून झाल्यावर तिने तो आरसा बाजूला ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "दाव बरं तुझे."