आठशे चौसष्ट पत्रं

मंगळवारी सकाळी पोह्यांवर शेव घालत होतो, तेवढ्यात पतपेढीतून काकूंचा फोन. "अरे, आज अकराला कर्जसमितीची बैठक आणि चौघांतले दोघं घरीच! आठवणीचं पत्रच आलं नाही म्हणतात."

इंदूरच्या या छोट्या मराठी पतपेढीचं वेबमेल मी सांभाळतो. शनिवारी भर दुपारी जुना सर्व्हर काढून नवा लावला होता. बैठका, ठेवींच्या मुदती यांची स्मरणपत्रं पाठवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रामही माझाच. क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारी सर्व्हरची सोय, ती दर पाच मिनिटांनी चालवतो. म्हणजे खापर फोडायला दुसरं डोकं नव्हतंच.

राजवाड्याच्या गर्दीतून स्कूटर काढत पोचेपर्यंत अकरा वाजून गेले होते. गैरहजर दोघांना फोन करून बोलावलं होतं, म्हणून काकू थोड्या निवळल्या होत्या. स्क्रिप्ट हाताने चालवली, चाचणीपुरती, पत्रं न पाठवता. बिनतक्रार चालली. सिसलॉगमध्येही, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, दर पाच मिनिटांनी क्रॉनची ओळ होतीच. स्क्रिप्ट ठीक, क्रॉन ठीक, पत्रं मात्र नाहीत. अर्धा तास मेलची रांग उगाच उपसली.

मग ती सिसलॉगची ओळ नीट वाचली. नव्या सर्व्हरवर मी हौसेने एक सुधारणा केली होती, रोजच्या तारखेची वेगळी लॉग फाइल. त्यासाठी क्रॉनटॅबमध्येच, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, कंसात तारखेची आज्ञा लिहिली होती, आणि तिच्यात टक्क्याचं चिन्ह. क्रॉनच्या लेखी टक्का म्हणजे ओळ संपली. आज्ञा तिथेच तुटत होती. पण सिसलॉग प्रत्येक आज्ञा स्वतःच्या कंसात छापतो, त्यामुळे त्याचा शेवटचा कंस माझ्या अर्धवट आज्ञेला इतका चपखल बसला होता की डोळ्यांना ओळ पुरी वाटावी. हाताने चालवताना ती ओळ वापरलीच नव्हती, नुसती स्क्रिप्ट चालवली होती.

क्रॉन बिचारा गप्प बसला नव्हता. आज्ञेने चुकीचा संदेश छापला की तो पत्र टाकतो, इथे रूट या सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या पेटीत. ती उघडली तर ८६४ पत्रं! दिवसाला २८८, तीन दिवस, सगळ्यांत तीच एक चूक.

"हा रूट कोण रे? त्याने सांगायचं नाही का?" काकूंनी विचारलं.

"मीच, काकू."

टक्क्यांच्या आधी उलट्या तिरक्या रेघा दिल्या, म्हणजे क्रॉन तिथे ओळ तोडत नाही. १२ वाजून ४० मिनिटांनी शनिवारपासूनची तुंबलेली स्मरणपत्रं एकदम सुटली. एवढं ध्यानात यायला हवं होतं, नाही आलं. काउंटरवरचा फोन वाजायला लागला. मुदत सोमवारीच संपली, मग आठवण आज कशी, असं एक ठेवीदार विचारत होते.

पण गंमत पुढेच. सगळी जुनी गेली आणि आजचं साडेदहाचं, ज्याच्यासाठी मी आलो होतो, तेच नाही गेलं. नव्या लॉग फाइलवर तारीख बरोबर, आत स्क्रिप्टने छापलेली वेळ मात्र ७:१०. भिंतीवरच्या घड्याळाशी साडेपाच तासांचा फरक, म्हणजे यूटीसी, जागतिक प्रमाणवेळ! आमच्या सर्व्हरची प्रणाली डेबियन आणि स्क्रिप्टची भाषा पीएचपी. डेबियनवर वेबसाठीची पीएचपीची सेटिंग फाइल वेगळी आणि कमांड लाइनची, म्हणजे क्रॉन वापरतो ती, वेगळी. मी एशिया-कोलकाता, म्हणजे भारताची वेळ, फक्त पहिलीत भरलं होतं. म्हणून वेबमेलमधलं कॅलेंडर पडद्यावर बरोबर दिसायचं आणि पाठवणारी स्क्रिप्ट मात्र स्वतःच्याच सकाळी सातात बसलेली. टक्क्याने काम अडवलं नसतं, तर सगळी पत्रं साडेपाच तास उशिरा गेली असती आणि मी बहुधा मेल सर्व्हरच खोलून बसलो असतो.

दुसऱ्या फाइलमध्ये एक ओळ घातली. रूटची टपाल माझ्या रोजच्या पत्त्यावर वळवली.

१ वाजून ५ मिनिटांनी अकराच्या बैठकीची आठवण चौघांनाही पोचली. ते तेव्हा शेजारच्या खोलीत इतिवृत्तावर सह्या करत होते.