वरच्या फ्लॅटमधली तोडफोड आणि माझे कॉल्स: माझा अनुभव

सोसायटीच्या ऑफिसवरचा माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय. वरच्या फ्लॅटमध्ये बाथरूम आणि किचनचं काम निघालं, आणि मी घरून काम करते, दिवसभर कॉल असतात. लिफ्टजवळ नोटीस लागली होती, त्यात कामाची वेळ आणि "सहकार्य करावे", बास एवढंच.

ब्रेकर (टाइल्स-भिंत फोडायचं मशीन) सुरू झाला तेव्हा कॉलवर माझा चेहरा स्क्रीनवर अक्षरशः थरथरत होता, कारण लॅपटॉपचं टेबल भिंतीला टेकलेलं होतं. आधी टेबल भिंतीपासून सुटं करा, हे कोणी सांगत नाही. खिडक्या लावून उपयोग शून्य, कारण तोडफोडीचा आवाज हवेतून कमी आणि स्लॅब-कॉलममधून जास्त येतो. टाइल्स कापायच्या कटरचा आवाज मात्र हवेतून येतो, तिथे खिडकी लावली की फरक पडतो.

आता ऑफिस. मी काम बंद करा म्हणतच नव्हते, घर त्यांचं आहे, काम करणारच. मला फक्त कळायला हवं होतं की ब्रेकर कुठल्या दिवशी आणि साधारण किती वाजता लागणार. ऑफिसमधलं उत्तर, "मॅडम, काम वेळेतच चाललंय ना, मग तक्रार कसली?" मालकांना विचारा म्हणाले. मालक तेव्हा दुसरीकडे राहत होते, ते फोनवर चांगलं बोलले पण म्हणाले ठेकेदाराला माहीत. ठेकेदार म्हणाला परवानगी ऑफिसने दिलीय, तिथेच बोला. परत ऑफिसात गेले तर लेखी अर्ज द्या. अर्जाचा छापील फॉर्म, त्यात तक्रारीचे प्रकार ठरलेले: वेळेचं उल्लंघन, डेब्रिज, पाणीगळती. माझ्या प्रश्नाला रकानाच नाही. "इतर" सुद्धा नाही! तिथल्या माणसाने स्वतःच "वेळेचं उल्लंघन" वर खूण केली, आणि मग काही दिवसांनी उत्तर आलं की गेटच्या रजिस्टरप्रमाणे कामगार वेळेत जातात, सबब तक्रार निकाली. जी तक्रार मी केलीच नव्हती ती निकाली काढली. इकडे माझा क्लायंट विचारतोय, तुमच्याकडे नक्की काय चाललंय.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत सरळ वर गेले आणि मिस्त्रीकाकांना विचारलं. त्यांनी टाइल्सच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि पेन्सिलीने पूर्ण क्रम लिहून दिला. आधी जुन्या टाइल्स काढणं, मग पाइप आणि वायरिंगसाठी भिंतीत झिरी मारणं, मग वॉटरप्रूफिंग. आणि वॉटरप्रूफिंग झालं की पाणी साठवून 24 ते 48 तास तसंच ठेवतात, गळतंय का बघायला, तेव्हा त्या बाथरूममध्ये कोणी हातोडाही लावत नाही. मी तो पुठ्ठा समोर ठेवून माझी मोठी प्रेझेंटेशन्स त्या दिवसांत हलवली. किचनमधली झिरी मारायची राहिली होती, ती कधी केली तर बरं तेही त्यांनीच विचारलं, मी म्हटलं सकाळी लवकर नको, दुपारी जेवणानंतर चालेल, तर म्हणाले चालेल की ताई. एवढीशी गोष्ट! ऑफिसने मला किती फिरवलं त्यासाठी.

हेडफोनचं राहिलं. नॉइज कॅन्सलिंग एकसारख्या घरघरीवर चांगलं चालतं, ठोकाठोकीवर नाही, त्यामुळे फार अपेक्षा ठेवून महागडा घेऊ नका. समोरच्याला आवाज जाऊ नये म्हणून तोंडाजवळ माइक असलेला साधा हेडसेट जास्त कामाचा, वर कॉलिंग अॅपमधलं नॉइज सप्रेशन चालू करा. आणि खोली बदलता आली तर काम चाललेल्या खोलीच्या बरोबर खालची सोडून दूरची घ्या. डेसिबलचं गणित असं की 10 डेसिबल कमी झाले तरी कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो, म्हणून हे छोटे बदल फुकट जात नाहीत.

मिस्त्रीकाकांच्या कानात काहीच नव्हतं, ब्रेकर मारतानासुद्धा. 85 डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ तास राहिलं तर ऐकू येणं कमी होतं आणि ब्रेकर त्याच्या बराच वर जातो, त्यांना इअरप्लग नेऊन दिले.

तुमच्याकडे काम निघणार असेल तर नोटिशीत नुसती वेळ टाकू नका. तोडफोडीचे आणि झिरी मारायचे दिवस लिहा, आणि साइटवर हजर असतो त्या मिस्त्रीचा नंबर त्यांना विचारून टाका, ऑफिसचा नको.