वाढप्याचं भांडं

पुण्यात माझ्या घरी जिन्याखालच्या कपाटात एक छोटा संगणक चोवीस तास चालू असतो. न्यू जर्सीत ताईच्या तळघरात त्याचा जोडीदार. आमचे फोटो, व्हिडिओ, आईबाबांच्या कॅसेटींवरून उतरवलेली रेकॉर्डिंगं, घराची कागदपत्रं, सगळ्याची एक प्रत तिच्याकडे. तिच्या संसाराची एक माझ्याकडे. दोन्ही घरांवर एकाच दिवशी संकट येणार नाही, एवढा साधा हिशेब. क्लाउडशी माझं वैर नाही, पण आपलेच फोटो दर महिन्याला भाडं भरून दुसऱ्याच्या कोठीत ठेवायचे, हे आमच्या घराण्याला मानवत नाही.

कटकट एकच होती, वेगाची. इंटरनेटवाले सांगतात तो आकडा मेगाबिटचा आणि आपण फाइल मोजतो मेगाबाइटमध्ये, त्यामुळे आधी आठाने भागायचं. तीनशेचे उरतात साडेसदतीस. तेवढे मिळाले तरी माणूस सुखी होईल, पण आम्हाला मिळत होते दोन-तीन. दाजींनी फोनवर लगेच निदान केलं, "अरे, तुमच्याकडचं इंटरनेटच रडकं."

हे निदान तपासताना मला जरा जास्तच आनंद झाला. पुण्यातली माझी फायबरची लाइन जाता-येता सारखीच पळते. अमेरिकेत मात्र केबल टीव्हीच्या तारेवरून येणाऱ्या कित्येक जोडण्यांना उतरवून घ्यायला पाचशे आणि वर चढवायला जेमतेम वीस, असा उघड पंक्तिप्रपंच असतो. विसाच्या वेगाने एक टेराबाइट पाठवायला साडेचार दिवसांहून जास्त लागतात. म्हणजे दाजींचे फोटो माझ्याकडे रांगत येत होते, ते त्यांच्याच उंबरठ्यावर अडून. "दाजी, एकदा तुमच्याकडचा अपलोड बघता का?" असं मी अत्यंत नम्रपणे विचारलं.

पण माझ्याकडून तिकडे जाणारं का रखडावं? लाइन तर मोकळी होती.

इथे अंतर आडवं येतं. पुणे ते न्यू जर्सी सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास धावतो. म्हणजे नुसतं जाऊन यायलाच सेकंदाचा आठवा भाग. आणि समुद्रातल्या केबली सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात पाव सेकंद धरावा. पाव सेकंद म्हणजे काहीच नाही, असं वाटतं खरं. पण पंगतीतला वाढपी डोळ्यांपुढे आणा. मुदपाकखाना लांब आहे आणि त्याच्या हातात वाटीएवढं भांडं आहे. तो कितीही चपळ असला, रस्ता कितीही रुंद असला, तरी पानं रिकामीच राहणार, कारण त्याचा वेळ वाढण्यात नाही, हेलपाट्यांत जातो. इंटरनेटच्या टीसीपी या पद्धतीत नेमकं हेच होतं. थोडा माल पाठवायचा, पोच येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. एका खेपेचं भांडं मुळात ६४ केबीचं होतं. सेकंदाला चार खेपा म्हणजे अडीचशे केबी, मग लाइन तीनशेची असो की तीन हजाराची. भांडं मोठं करण्याची सोय १९९२ मध्येच ठरली आणि आजचे संगणक ते आपोआप वाढवतातही, पण त्यालाही कुठेतरी वरची मर्यादा घातलेली असते. आमच्या यंत्रांवर चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीत ती हाताने वाढवावी लागते. नाहीतर चार-पाच वाढपी एकदम सोडावेत, म्हणजे फोल्डर वाटून घेऊन समांतर पाठवणी करावी. आम्ही दोन्ही केलं.

लहान फायलींची तऱ्हा आणखी वेगळी. तिकडची डिस्क इंटरनेटवरून इकडे जोडून फोल्डर ओढून टाकला, की दोन यंत्रं एखाद्या सरकारी खिडकीसारखी बोलू लागतात. "उघडू?" "उघड." "लिहू?" "लिही." "मिटू?" "मीट." प्रत्येक प्रश्नाला पाव सेकंद. फोटोमागे असे चार प्रश्न धरले, तर पन्नास हजार फोटोंना जवळजवळ चौदा तास केवळ औपचारिकतेत जातात. फोटो पाठवायचा वेळ वेगळाच.

यावरचा उतारा म्हणजे आर-सिंक हा फायली पाठवणारा प्रोग्राम. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात तो लिहिला, आणि लिहिला तो कमी वेगाच्या, लांब पल्ल्याच्या तारांसाठीच. जगाच्या एका टोकाला राहणाऱ्यांनाच हे सुचावं, यात नवल नाही. दोन्हीकडच्या फायली एकत्र न आणता त्यांतला फरक ओळखायचा, ही त्यातली खरी करामत. पलीकडचं यंत्र आपल्या जुन्या फाइलचे तुकडे करून त्यांच्या फक्त खुणा पाठवतं. अलीकडचं आपल्या नव्या फाइलवरून एकेक बाइट सरकत त्या खुणा शोधतं आणि सापडलं नाही तेवढंच धाडतं. दर बाइटला नव्याने गणित करायचं तर यंत्र दमेल. म्हणून ती खूण अशी बेतली आहे, की पुढे सरकताना मागचा एक बाइट वजा करायचा, पुढचा एक मिळवायचा, झालं. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी दाद द्यायला घरात माणूस शोधत होतो. कोणी मिळालं नाही.

बाकी उपाय किरकोळ. फोटो आणि व्हिडिओ जागा वाचवायला आधीच दाबून लहान केलेले असतात, त्यांना वाटेत पुन्हा दाबायचा पर्याय बंद ठेवावा. ताईकडचं यंत्र रास्पबेरी पाय ४ हा चिमुकला संगणक. वाटेत कोणी वाचू नये म्हणून माल सांकेतिक करून कुलूपबंद पाठवायचा असतो. त्याच्या एईएस या नेहमीच्या पद्धतीसाठी त्या यंत्रात खास सोय नाही, तिथे चाचा-२० ही दुसरी पद्धत हलकी पडते. पुण्यात रात्री बारानंतर बॅकअप लावायचा हा विचार तर हास्यास्पदच, कारण तेव्हा तिकडे उन्हाळ्यात दुपारचे अडीच वाजलेले असतात आणि दाजी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असतात. आता सगळं इथल्या दुपारी चालतं.

एवढं करूनही पहिली अख्खी प्रत तारेवरून पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे. ताई गेल्या खेपेला आली, तेव्हा चार टेराबाइटची कुलूपबंद डिस्क तिच्या बॅगेत मेतकूट आणि भाजणीच्या मध्ये ठेवली. दारापासून दारापर्यंत चोवीस तास धरले तर हा वेग पडतो ३७० मेगाबिट, आणि पाव सेकंदाची पोच नाही की काही नाही. ॲमेझॉननेही २०१६ मध्ये हाच मार्ग काढला होता, फक्त बॅगेऐवजी ४५ फुटी कंटेनर आणि त्यात शंभर पेटाबाइट, म्हणजे एक लाख टेराबाइट. मेतकूट नव्हतं एवढंच.

आता रोजचा फरक काही मिनिटांत जातो. एकदाच मध्ये साठ जीबी निघाले, तेव्हा दाजींनी घाबरून फोन केला. शोधलं तर ताईने 'गणपती' नावाच्या फोल्डरचं 'गणपती सगळे नीट' केलं होतं. आर-सिंकला नाव बदललं की माल नवा वाटतो. दाजी म्हणाले, तिला सांग नावं बदलू नकोस म्हणून. मी म्हटलं, "दाजी, तुम्हीच सांगा." शेवटी आम्ही रेस्टिक हे बॅकअपचं दुसरं सॉफ्टवेअर बसवलं. ते नाव बघत नाही, आतला ऐवज बघतं.