काळ्या वाळूतलं ग्रीस

ऑकलंडहून पश्चिमेला निघालं की शहर फार लवकर संपतं. स्वान्सन मागे पडलं, रस्ता वाइताकेरेच्या डोंगरात शिरला, वळणं सुरू झाली आणि मी गाडीची काच खाली केली. दोन्ही बाजूंना माडासारखे उंच वाढलेले नेचे. आपल्याकडे पावसाळ्यात गडग्यावर उगवतात तेच, पण इथे त्यांच्या सावलीत माणूस उभा राहील एवढे.

"ताई, बघ, ह्यातूनच यायची घोड्यावरून," धाकटा भाऊ म्हणाला.

कोण, ते विचारायची गरज नव्हती. न्यूझीलंडला जायचं ठरलं तेव्हा मी त्याला एकच गोष्ट बजावली होती. बाकी कुठे नेलं नाहीस तरी चालेल, पण आमच्या लहानपणीच्या टीव्ही मालिकेतली लढवय्यी झीना जिथे घडली ती जागा मला दाखव.

रत्नागिरीत आमच्याकडे केबल आली तेव्हा आम्ही दोघं शाळेत होतो. आधी हर्क्युलिस भेटला, ग्रीक पुराणातला बलवान वीर. गोष्टी पुराणातल्या ग्रीसच्या, चित्रण मात्र इथलं, न्यूझीलंडमधलं. १९९४ मध्ये त्याचे पाच टीव्ही-चित्रपट आले, त्यात त्याचा बाप, देवांचा राजा झ्यूस, झाला होता अँथनी क्विन. मग १९९५ पासून मालिका, हर्क्युलिस तोच, केविन सॉर्बो. तिच्यात झीना आली ती खलनायिका म्हणून, आणि तीन भागांत तिचा निकाल लागायचा होता. ज्या नटीला ही भूमिका दिली होती ती आजारी पडली आणि ऐन वेळी ऑकलंडचीच ल्युसी लॉलेस उभी राहिली. तिचे केस काळे केले, अंगावर चामड्याचं चिलखत चढवलं आणि तिने सगळं पारडंच फिरवलं. तिला मारायचं सोडून तिच्या नावाची वेगळी मालिका काढावी लागली. ती २००१ पर्यंत चालली, १३४ भाग.

भावाने तेव्हा आईच्या साखरेच्या डब्याचं झाकण पळवलं होतं. झीनाचं ते गोल, धारदार शस्त्र म्हणजे चाक्रम. आम्हाला नावाचं हसू यायचं, कारण आपल्याकडे चक्रम म्हणजे डोकं फिरलेला. ते शस्त्र मुळात आपलंच, निहंग शीख अजून पगडीवर अशी चक्रं मिरवतात, हे पुष्कळ नंतर कळलं. झाकणाने शेजारच्यांची दोन कौलं फोडली आणि ते परत डब्यावर गेलं.

बेथेल्स बीचच्या अलीकडे, पुलाजवळ गाडी लावली. ह्या जागेचं मूळ नाव ते हेंगा. ते कावेराऊ आ माकी ह्या माओरी लोकांची ही भूमी. इथून समुद्राकडे न जाता आधी उलट, ओढ्यातून वर जायचं. बूट हातात घेतले. पाणी घोट्याच्या वर जेमतेम, तळाला वाळू, आणि वाळू काळी. ओली काळी नव्हे, सुकलेलीसुद्धा काळीच, उन्हात बारीक चमकणारी. मांडवीच्या काळ्या समुद्रावर लहानपण गेलं असल्यामुळे मला ती परकी वाटली नाही. भाच्याने खिशातून फ्रीजवरचं लोहचुंबक काढलं आणि वाळूतून ओढलं. त्याला क्षणात दाढी फुटली. दक्षिणेला तारानाकीचा ज्वालामुखी आहे, त्याच्या खडकांतलं हे लोहयुक्त खनिज. समुद्राचे प्रवाह ते किनाऱ्याकिनाऱ्याने इथवर आणून टाकतात. भाचा चुंबक झटकायचा, पुन्हा बुडवायचा. त्याला पुढे न्यायलाच वेळ लागला.

अर्ध्या तासाने ओढ्याच्या वळणावर डावा-उजवा डोंगर सरला आणि समोर वाळूचा कडा उभा राहिला. काळ्या वाळूची टेकडी, तिच्या पायाशी वाइनामू तळं. ह्याच वाळूने दरी अडवली म्हणून तळं झालं. मी तिथेच थांबले. ही उतरण मला पाठ होती. किती सैन्यं ह्या उतरणीवरून गडगडत खाली आली असतील! आणि तिथे ग्रीसचं काहीही नव्हतं. ना ऑलिव्ह, ना पांढरा चुनखडीचा दगड. पाण्याकाठी माओरी बायका टोपल्या विणतात ते हाराकेकेचे जुडगे, मागे नेच्यांचं रान. तरी वीस-पंचवीस वर्षं माझ्या मनातलं ग्रीस हेच होतं. आजही पुराणातल्या ग्रीसचं नाव काढलं की मला अथेन्स दिसत नाही, ही काळी टेकडी दिसते.

ह्या मालिकांना लोक भडक म्हणतात, नाटकी म्हणतात. आहेतच त्या तशा. राक्षस रबराचे, माणसं हवेत चार-चार कोलांट्या घेतात, ट्रॉयच्या युद्धात लढलेली झीना पुढे ज्युलियस सीझरशी वैर धरते आणि मध्येच बायबलमधल्या डेव्हिड-गोलियाथच्या गोष्टीत जाऊन येते. युद्धाचा देव एरिस काळ्या चामड्यात येऊन तिच्याशी लाडीगोडी लावतो. पण माझं आजोळ कुडाळकडचं. जत्रेत देवळासमोर रात्रभर दशावतार बघत मी वाढले. तिथे संकासुर मालवणीत बोलतो, गावातल्या माणसांची नावं घेऊन टोमणे मारतो, राजा पत्र्याचा मुकुट घालून पखवाजाच्या तालावर गिरक्या घेत लढतो, संवाद कागदावर नसतातच. आणि पहाटे तोच नट देवाच्या रूपात आला की म्हाताऱ्या बायका हात जोडतात. रंग भडक म्हणून भक्ती कमी होत नाही. मला झीना कळली ती दशावतारामुळे. तिच्या भडकपणाखाली एक अगदी खरी गोष्ट होती: जिने गावं जाळली ती बाई उरलेला जन्म ते पाप फेडत हिंडते, आणि एक शेतकऱ्याची पोर, गॅब्रिएल, तिची साथ सोडत नाही. असली गोष्ट सांगायला खरा राक्षस कशाला लागतो?

चौथ्या वर्षी ह्या दोघी भारतात आल्या. म्हणजे इथेच, ह्याच बेटावरच्या भारतात. १९९९ मधल्या एका भागात हनुमान आहे, इंद्रजित आहे, आणि झीनाच्या हाकेला धावून येणारा कृष्ण आहे. त्यावर हिंदू संघटनांनी आक्षेप घेतला, भाग मागे घेतला गेला आणि पुढे बदल करून दाखवला गेला. मी तो मोठेपणी पाहिला. आक्षेप घेणाऱ्यांचं दुःख मला समजतं. आपला देव आपल्या अंगणात नाचतो तेव्हा त्याच्याशी आपली ओळख असते, परक्या घरी ती नसते. तरीही त्यात कृष्ण तिला सांगतो की तुझा मार्ग योद्ध्याचा, तोच चाल, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. कुरुक्षेत्रावरचं सांगणं कुणी इतक्या लांब, इतक्या मनापासून घेऊन गेलं होतं.

परतताना ओढ्याने समुद्रावर आलो. वाऱ्याने बोलणं ऐकू येईना. भाऊ एका खडकाकडे बोट दाखवत ओरडून सांगत होता की ह्या मालिकांवर इथली एक अख्खी पिढी काम शिकली. खरंच आहे. झीनाचे कपडे करणाऱ्या नायला डिक्सनला पुढे २००४ मध्ये ऑस्कर मिळालं. इथला नट कार्ल अर्बन कधी प्रेमाचा देव क्युपिड झाला, कधी सीझर. एरिस झालेला केविन स्मिथही इथलाच. मालिका संपली आणि पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, तो चीनमध्ये अपघाताने गेला.

वहिनी मात्र डोंगराकडे बघत होती. कड्यांवर दरडींचे ओरखडे अजून दिसतात. फेब्रुवारी २०२३ च्या चक्रीवादळात इथून जवळच्याच मुरिवाईत दरड कोसळून दोन स्वयंसेवक अग्निशामक गेले. त्या वादळाचं नाव गॅब्रिएल. "ताई, तुमच्या त्या मुलीचं नाव इकडे कुणी आता सहज घेत नाही," ती म्हणाली. मी गप्प राहिले.

दक्षिण टोकाच्या गुहेपाशी दगडावर बसून थर्मासमधला चहा घेतला. मार्चचं ऊन उतरत होतं. भाचा चुंबक बाजूला ठेवून माझ्याजवळ सरकला. "आत्या, मग शेवटी त्या बाईचं काय झालं?"

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. तो शेवट आम्हा दोघांना कधीच पटला नव्हता. पण विचारलंच होतं, म्हणून सांगितलं. ती जपानमध्ये लढताना मेली. तिच्या अस्थी घेऊन गॅब्रिएल फुजी पर्वतावर पोचली. तिथल्या झऱ्यात सूर्य बुडायच्या आत अस्थी ओतल्या की झीना परत जिवंत होणार होती. पण झीनाच आडवी आली. ती म्हणाली, मी परत आले तर माझ्यामुळे मेलेल्या हजारो जिवांची सुटका होणार नाही.

"मग ओतल्या का?"

समोर सूर्य पाण्याला टेकत होता. खालची ओली वाळू तांब्याच्या ताटासारखी झाली होती. भाच्याने माझा दंड धरला, नजर सूर्यावर, आणि घाईघाईने म्हणाला, "आत्या, तिला सांग ना, पटकन ओत. अजून थोडा बाकी आहे."