जुनी गाडी आधी स्वतःच्या हाताने धुवा

"जुनी गाडी घेतली आहे. घरच्या घरी काय काय करता येईल, आणि सुरुवात कुठून करू?" हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा यादी तयार असते: नवी सीट कव्हर्स, पांढरेशुभ्र दिवे, सिरॅमिक कोटिंग, जमलं तर अलॉय व्हील्स. आणि शेवटी थोडं चाचरत, "की आधी इंजिनाचं बघू?" तुम्हीही हेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं उत्तर ठरलेलं आहे. गाडी आधी धुवा, स्वतः, हाताने, घाई न करता. दिसण्याची कामं एकीकडे आणि देखभालीची कामं दुसरीकडे अशी विभागणी मला पटत नाही. गाडी चांगली दिसावी म्हणून तुम्ही जेव्हा तिच्या प्रत्येक इंचावरून हात फिरवता, तेव्हाच तिला काय झालंय ते कळायला लागतं. मशीनमधून धुऊन आणलेली गाडी स्वच्छ होते, पण तिच्याबद्दल तुम्हाला काहीच कळलेलं नसतं.

धुण्याची पद्धत सोपी आहे. गाडी सावलीत हवी आणि पत्रा गार झालेला हवा. दोन बादल्या घ्या, एक शॅम्पूच्या पाण्याची, दुसरी नुसत्या पाण्याची. आधी भरपूर पाणी मारून सुटी धूळ घालवा, मग वरून खाली या, आणि प्रत्येक वेळी कापड शॅम्पूत बुडवण्याआधी साध्या पाण्यात खळबळून घ्या. उन्हात गाडीवर जे गोल गोल बारीक ओरखडे चमकतात, त्यांतले बरेचसे कापडात अडकलेल्या धुळीने धुताना आणि पुसतानाच पडलेले असतात. भांड्यांचा साबण रोज वापरू नका, तो वॅक्सचा थर उतरवतो. चाकांसाठी कापड वेगळं ठेवा, कारण ब्रेकच्या धुळीत धातूचे कण असतात.

आता हात फिरवताना काय बघायचं ते सांगते. एखाद्या दरवाज्याचा रंग शेजारच्यापेक्षा किंचित वेगळा आहे का? रबराच्या कडेवर रंगाचे बारीक तुषार उडालेत का? मग तो भाग पुन्हा रंगवलेला आहे. पातळ कापडात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक पोलादी पत्र्यावर सगळीकडे नीट चिकटतं पण एका जागी सुटतं, तर तिथे पुट्टी भरलेली असू शकते. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे फराटे दिसले तर अ‍ॅक्सलचं रबरी बूट (सांध्यावरचं आवरण) फाटलंय असं समजा. वेळेत लक्षात आलं तर नुसतं बूट बदलून भागतं. दुर्लक्ष केलं तर आत माती जाते आणि अख्खा जॉइंट खराब होतो. टायर दोन्ही कडांना झिजला असेल तर त्यात हवा कमी राहिलेली आहे, मधोमध झिजला असेल तर जास्त, आणि एकाच कडेला झिजला असेल तर अलाइनमेंट (चाकांचे कोन) तपासायला हवी. हे सगळं धुता धुता दिसतं, एकही पाना हातात न घेता.

यानंतर मी पाण्याच्या मागे लागते. जुन्या गाडीचं सगळ्यात मोठं नुकसान पाण्याने होतं असं माझं ठाम मत आहे, आणि ते बहुतेक वेळा कुणाला दिसतच नाही. प्रत्येक दरवाज्याच्या तळाशी बारीक भोकं असतात. काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडायला हवं. ती मातीने बुजली की दरवाजा आतून गंजायला लागतो, आणि बाहेर रंगाला फोड येईपर्यंत पत्रा आतून गेलेला असतो. समोरच्या काचेखाली, वायपरच्या मुळाशी, पानं आणि कचरा साठतो. तिथली निचऱ्याची वाट बंद झाली तर पाणी थेट केबिनमध्ये उतरू शकतं. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या नळ्याही बघा. मऊ प्लास्टिकची तार किंवा पातळ काडी पुरते, मात्र नळीत जोर करू नका. मग गाडीतली मॅट काढा, गालिच्यावर पंजा दाबून धरा. ओल लागली तर सुगंधी स्प्रे मारून काही होणार नाही. पाणी कुठून येतंय ते शोधा, गालिचा उचलून खालचा फोम पूर्ण वाळवा. एसी चालू असताना गाडीखाली पडणारं स्वच्छ पाणी मात्र चिंतेचं नाही. आत गोडसर वास येत असेल आणि काचेवर चिकट वाफ धरत असेल तर ते कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रावण) आहे, हीटरचा रेडिएटर गळतोय.

बॉनेट उघडल्यावर माझा एकच नियम: ज्या कामाची लेखी नोंद नाही, ते झालेलंच नाही असं धरायचं. आधीचे मालक कितीही भले असोत, "मागच्याच वर्षी केलंय" हे ऐकून इंजिनाचं पोट भरत नाही. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, वायपरचं रबर, हे सगळं घरी बदलता येतं, गाडीसोबतच्या पुस्तिकेत रीत दिलेली असते. ऑइल फिल्टर काढल्यावर जुनी रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिलेली नाही ना, एवढं बोट फिरवून पाहा. तिच्यावर दुसरी रिंग बसली की ऑइल बाहेर फेकलं जातं. काढलेलं ऑइल मातीत किंवा गटारात ओतायचं नाही, डब्यात भरून ते घेणाऱ्या ठिकाणी द्यायचं.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड साठली असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासा. तारा काढताना ऋण टोक आधी, लावताना ऋण टोक शेवटी. कारण ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं असतं. ते आधी सोडलं की धन टोक काढताना पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. साध्या मल्टिमीटरवर बंद गाडीत साधारण 12.6 व्होल्ट आणि चालू इंजिनावर बहुधा 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले तर बॅटरी आणि तिला चार्ज करणारा अल्टरनेटर या दोघांची तब्येत ठीक आहे असं प्राथमिक उत्तर मिळतं.

कूलंट रंगावरून ओळखू नका. हिरवा, गुलाबी, निळा, या रंगांना कंपन्यांमध्ये एकच असा अर्थ नाही. पुस्तिकेत लिहिलेलाच प्रकार घ्या, आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. सांडलेलं कूलंट लगेच पुसा, त्यातलं इथिलिन ग्लायकॉल गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांचा जीव घेतं.

ब्रेक फ्लुइडबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण त्याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारा हा द्रव हवेतली आर्द्रता शोषतो. डॉट 4 दर्जाचं ताजं फ्लुइड किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असा निकष आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरल्यावर हाच निकष 155 अंशांवर येतो. लांब उतारावर ब्रेक तापले आणि आत वाफ झाली की पेडल पायाखाली मऊ पडतं, कारण वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं. पातळी घरी बघा, बदलण्याचं काम येत नसेल तर मेकॅनिककडे करून घ्या. आणि त्याचा थेंबही रंगावर पडू देऊ नका, रंग उचलला जातो. पडलाच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा) कधी बदलला ते माहीत नसेल तर तोही बदलून घ्या, तोही जाणकाराकडूनच. अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिन उघडावं लागतं.

आता ज्याची वाट पाहत होतात त्या चकाकीकडे येऊ. पहिला मान हेडलाइटचा. पिवळे पडलेले हेडलाइट स्वच्छ केले की गाडी काही वर्षांनी लहान दिसते, आणि रात्री रस्ताही दिसतो. ही काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं. त्यावर कारखान्यात एक संरक्षक थर दिलेला असतो आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी तो झिजतो. टूथपेस्टने घासण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने थोडे दिवस फरक दिसतो, कारण तीही एक सौम्य घासणीच आहे. नीट करायचं असेल तर भोवतीच्या रंगावर चिकटपट्टी लावा, मग पाणी मारत पॉलिश पेपर वापरा (आकडा जितका मोठा, तितका पेपर बारीक): खूप खराब असेल तर 800 पासून, नाहीतर 1000 पासून, पुढे 1500, 2000, 3000. प्रत्येक टप्प्यात घासण्याची दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते कळतं. मधल्या वेळी दिवा दुधाळ दिसेल, घाबरू नका. शेवटी पॉलिश. आणि त्यानंतरचा टप्पा लोक हमखास गाळतात: अतिनील किरणं रोखणारा क्लिअर कोट किंवा फिल्म. घासताना उरलासुरला मूळ थरही तुम्ही काढलेला असतो. नवं संरक्षण दिलं नाही तर दिवा पूर्वीपेक्षा लवकर पिवळा पडतो.

हे झालं की हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब घालण्याची इच्छा आपोआप कमी होते, असा माझा अनुभव आहे. हॅलोजनसाठी बनवलेला रिफ्लेक्टर हा त्या तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. प्रकाशाचा उगम बदलला की झोत विस्कटतो, समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि तुम्हाला हवा तिथे पडत नाही. अनेक देशांत अशी अदलाबदल रस्त्यावर चालतही नाही. योग्य दर्जाचा नवा हॅलोजन, स्वच्छ दिवा आणि नीट लावलेला झोताचा कोन एवढं करून एकदा रात्री गाडी चालवून पाहा.

रंगाच्या कामात संयम लागतो, कारण हातात फार कमी माल आहे. कारखान्यातला सगळा रंग मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो, त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट बहुधा 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. प्रत्येक पॉलिश त्यातलं थोडं खाऊन टाकतं, आणि गेलेलं परत येत नाही. म्हणून ओरखड्यावरून आधी नख फिरवा. नख अडकलं तर तो पॉलिशने जाणार नाही. तो घालवण्याच्या नादात भोवतीचा क्लिअर कोट मात्र जाईल. तिथे टच-अप करायचं. रंगाचा कोड दरवाज्याच्या खांबावर किंवा बॉनेटखाली पट्टीवर सापडतो. जागा स्वच्छ करा, गंज असेल तर तो पूर्ण खरवडून प्रायमर लावा, मग बारीक ब्रशने पातळ थर, वाळू द्या, पुन्हा पातळ थर. दोन हातांवरून डाग दिसणार नाही, जवळून दिसेल. पण पत्रा झाकला गेला, आणि खडा लागून उडालेल्या टवक्याच्या जागी पुढे गंज पसरणार नाही. मला हे काम सगळ्यात समाधान देतं.

नख अडकत नसेल तर क्ले बारने (रंगाला चिकटलेली घाण उचलणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने) पृष्ठभाग स्वच्छ करा, लपलेल्या कोपऱ्यात पॉलिश लावून बघा, सगळ्यात सौम्य पॉलिशपासून सुरुवात करा, आणि कडांवर चिकटपट्टी लावा, तिथे रंग सर्वांत पातळ असतो. नंतर रंगावर संरक्षक थर म्हणून वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग, तुमची आवड. एवढं लक्षात ठेवा की कोटिंग ओरखडे मिटवत नाही. खालचा रंग नीट केला नसेल तर ओरखडे कोटिंगखाली तसेच राहतात.

आतल्या भागाबद्दल थोडक्यात. व्हॅक्यूम, ओलसर मायक्रोफायबर आणि सौम्य क्लीनर यांनी बरंच काम होतं. डॅशबोर्डवर तेलकट चमक नको, तिचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं. स्टिअरिंग आणि पेडलला तर चमकवणारं काहीही लावू नका, हात-पाय घसरतात. मॅटवर मॅट टाकू नका, सरकून पेडलखाली जाते. सीट कव्हर घेण्याआधी सीटच्या बाजूला एअरबॅगची खूण आहे का ते बघा. असेल तर ती बाजू उघडी ठेवणारं, त्या सीटसाठीच बनवलेलं कव्हर घ्या. साधं घट्ट कव्हर ऐनवेळी एअरबॅगला अडवू शकतं.

घरी काय करायचं नाही, हेही सांगते. एअरबॅग आणि त्याच्या वायरिंगला हात लावायचा नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही. सपाट, टणक जमीन, चाकांना अडण्या, आणि गाडीचं वजन स्टँडवर. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आणि पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनुसार (म्हणजे तेवढ्याच जोराने) आवळायचे.

आणि टायरला काळी चमक देण्याआधी खाली वाकून त्याच्या बाजूवरची तारीख वाचा. DOT या अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात: 2317 म्हणजे 2017 सालचा 23वा आठवडा. खोबणी 1.6 मिलिमीटरवर आली असेल, किंवा बाजूला बारीक भेगांचं जाळं दिसत असेल, तर चमकेची बाटली घेऊ नका. अलॉय व्हील्सचे पैसे बाजूला ठेवले असतील, तर ते आधी नव्या टायरना घाला.