एक दाणा, एकोणीस टन

भाऊंनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "एकच माल, एकच गोडाऊन, एकाच दिवशी काढलेलं सॅम्पल. त्यातलं अर्धं पास आणि अर्धं नापास? मशीन बघ जरा एकदा."

मशीन मी सकाळपासून तीनदा बघितलं होतं.

बडोद्याला मकरपुऱ्यातल्या एका प्रयोगशाळेत मी शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीने तयार केलेलं विष, तपासते. भाऊ दांडिया बाजारातले, पिढ्यान्‌पिढ्यांचे बडोदेकर. मराठी बोलता बोलता मध्येच गुजराती 'एटले' कधी घुसतं ते त्यांचं त्यांना कळत नाही. सौराष्ट्रातल्या एका निर्यातदाराचं कागदोपत्री काम ते सांभाळतात. तिकडे शेंगदाण्याला मांडवी म्हणतात. त्यामुळे "मांडवीचं काय झालं?" असा त्यांचा फोन आला की आमची नवी मुलं गोंधळतात. त्यांना मांडवी म्हणजे गावातला मांडवी दरवाजा.

माल १९ टनांचा, एक कंटेनर. जाणार रॉटरडॅमला, थेट खाण्यासाठी. या 'थेट खाण्यासाठी'तच सगळी ग्यानबाची मेख आहे. तसा माल असेल तर युरोपात बी-वन या प्रकाराला मर्यादा २ पीपीबी आणि चारही प्रकार मिळून ४. म्हणजे किलोमागे ४ मायक्रोग्रॅम. तोच माल तिकडे नेऊन आधी छाननी करणार असाल, तर मर्यादा ८ आणि १५. कोडेक्सची, म्हणजे सगळ्या देशांनी मिळून ठरवलेली, प्रक्रियेला जाणाऱ्या शेंगदाण्याची मर्यादाही १५ आहे. १९९५ पासूनच्या जागतिक व्यापार करारात शास्त्रीय आधार दाखवून कोडेक्सपेक्षा कडक नियम करायची मुभा आहे, आणि युरोपने ती घेतली.

सॅम्पल म्हणजे वाटीभर दाणे नव्हेत. पोत्यापोत्यांत पोकळ सळई खुपसून शंभर ठिकाणचे दाणे काढायचे, २० किलो करायचे, मग १० किलोचे दोन भाग. प्रत्येक भाग आख्खा दळायचा. पाणी घालून दळला की पांढरट, घट्टसर घोळ होतो. त्याचा वास पहिल्या दिवशी छान वाटतो, नंतर नकोसा होतो. मग अर्क काढायचा, कॉलममधून गाळायचा आणि मशीनला लावायचा. आलेखावर चार टोकं उठतात: जी-टू, जी-वन, बी-टू आणि सगळ्यात शेवटी बी-वन. अतिनील दिव्याखाली निळं चमकतं ते बी आणि हिरवं चमकतं ते जी, इतकं साधं बारसं आहे. सगळ्यांत विषारी मात्र तो शेवटचा, त्यामुळे शेवटपर्यंत बसून राहावंच लागतं.

पहिल्या भागात बी-वन आला ०.६. दुसऱ्यात ५.८. त्याच दळलेल्या घोळातून पुन्हा काढला, तर ५.६. मशीनचा दोष नव्हता.

भाऊंना मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. दाणा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, म्हणजे १० किलोत वीसेक हजार दाणे. त्यातला एकच दाणा आतून पुरता बुरशीने खाल्लेला असेल, तर त्या एकट्यात ५० मायक्रोग्रॅम विष असू शकतं. १० किलोत ते पसरलं की झाले ५ पीपीबी. बाकीचे १९,९९९ दाणे निर्मळ असले तरी.

"म्हणजे लॉटरी," भाऊ म्हणाले.

"लॉटरीच. म्हणून तर २० किलो घेतात."

"सरासरी काढ ना मग."

"३.२ येते. आणि थेट खाण्याच्या मालाला सरासरी चालत नाही, दोन्ही भाग पास व्हावे लागतात."

ते तेव्हा कुठे बसले. मग बाहेर पडलं ते नेहमीचं: हे गोरे लोक आरोग्याच्या नावाखाली आपला माल अडवतात. या रागात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. २००१ साली जागतिक बँकेच्याच अर्थतज्ज्ञांनी हिशेब केला होता, की कोडेक्सऐवजी युरोपचा नियम लावला तर आफ्रिकेची धान्य, सुकामेवा आणि कठीण कवचाच्या फळांची युरोपला होणारी निर्यात ६४ टक्क्यांनी, म्हणजे ६७ कोटी डॉलरने घटेल. आणि त्या बदल्यात वाचतील ते वर्षाला शंभर कोटी माणसांमागे दीड माणसाहून कमी.

पण मी शिकले ती आमच्या जुन्या सरांच्या हाताखाली, आणि सर नव्या माणसाला पहिली गोष्ट युरोपची सांगतच नसत. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी शेंगदाण्याच्या पेंडीने मेले आणि त्यातून हे विष सापडलं, तेही नंतर. आधी सांगत पंचमहालची. १९७४ साली, बडोद्याशेजारच्या त्या जिल्ह्यात आणि पलीकडे राजस्थानातल्या बांसवाड्यात, अवेळी पावसाने भिजलेला मका आदिवासी घरांनी खाल्ला. दुसरं होतं काय खायला? माणसं पिवळी पडली, पोटात पाणी झालं. घरातलं उरलंसुरलं खाणारी कुत्रीसुद्धा गेली. ३९७ रुग्णांची नोंद झाली, १०६ दगावले. त्या मक्याला कुठलंही बंदर ओलांडायचं नव्हतं, त्यामुळे कोणी तपासलाही नव्हता.

भाऊंना मी हे सांगितलं नाही. त्यांना त्या क्षणी कंटेनर दिसत होता. "इथेच विकून टाकू का?" त्यांनी विचारलं. ३.२ सरासरीचा माल आपल्याकडच्या कायद्यात आरामात बसतो, त्यामुळे विचारण्यात गैर काही नव्हतं. मी म्हटलं, "आधी पुन्हा सॉर्टिंगला टाका. बुरशीचे दाणे बहुतेक रंगाने आणि सुरकुत्यांनी ओळखू येतात." ते उठले, दारापाशी थांबले. "चहाही नाही पाजलास आज."

आठ दिवसांनी नव्याने सॅम्पल आलं. पहिला भाग ०.४, दुसरा ०.७. मी रिपोर्टवर सही केली आणि भाऊंना फोन लावला. इतके खूश, की रावपुऱ्यात सेव-उसळ ठरवूनच टाकली.

"भाऊ, सॉर्टिंगमधून निघालेल्या दाण्यांचं काय केलंत?"

"ते? तेलवाला आला होता, घेऊन गेला. भावही बरा दिला."

दाणे घाण्यात पिळले की तेलात थोडं विष उतरतं, बरंचसं पेंडीत राहतं. पेंड म्हशीच्या पोटात गेली की दुधात एम-वन नावाने येतं. २०१९ साली आलेल्या सरकारी पाहणीत देशभरातल्या ६,४३२ दूध-नमुन्यांपैकी ३६८ मध्ये ते आपल्याच मर्यादेच्या वर निघालं होतं.

"तेलवाला पेंड कुठे घालतो हो?"

"मला काय माहीत? मला त्याचा रिपोर्ट थोडाच लागतो," भाऊ म्हणाले. "सहाला ये, उशीर करू नकोस. नंतर तर्री संपते."