तिसऱ्या कोनाची भरपाई

संपलेल्या प्रेमकथेचा पुढचा भाग बऱ्याच वर्षांनी येतो, तेव्हा चाहत्यांमध्ये हटकून एक वाद उभा राहतो: मूळ कथेत काही भर पडली, की होते तेही बिघडले? ‘किमागुरे ऑरेंज रोड’ या ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेच्या, संदर्भात १९९६ च्या ‘शिन किमागुरे ऑरेंज रोड’ या चित्रपटावरून हा वाद अजूनही रंगतो, आणि त्यात बहुतेक जण नायक क्योसुके आणि नायिका मादोका यांच्याबद्दलच बोलतात. माझे मत असे आहे की त्या दोघांना या चित्रपटाने फारसा धक्का लावलेला नाही, उलट एका बाबतीत काही दिलेच आहे. नुकसान झाले ते या प्रेमत्रिकोणातल्या तिसरीचे, हिकारूचे. शेवट सांगितल्याशिवाय याविषयी लिहिणे शक्य नाही, तेव्हा ज्यांना ही मालिका अजून पाहायची आहे त्यांनी इथेच थांबलेले बरे.

इझुमी मात्सुमोतो यांची मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९८४ ते १९८७ या काळात ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाली आणि तिचे अठरा खंड निघाले. स्टुडिओ पिएरोने केलेली ४८ भागांची मालिका एप्रिल १९८७ ते मार्च १९८८ या काळात जपानी दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. क्योसुके कासुगा हा अतींद्रिय शक्ती असलेल्या घराण्यातला मुलगा. नव्या गावी राहायला आल्यावर एका लांबलचक जिन्यावर वाऱ्याने उडालेली लाल टोपी झेलतो आणि ती ज्या मुलीची असते त्या मादोका आयुकावाच्या प्रेमात पडतो. मादोकाची जिवलग, वयाने लहान मैत्रीण हिकारू हियामा ही मात्र क्योसुकेच्या प्रेमात पडते, आणि तेही त्याने लांबून बास्केटमध्ये टाकलेला एक अशक्यप्राय चेंडू पाहून. तो चेंडू त्याने आपल्या शक्तीने टाकलेला असतो, जे हिकारूला ठाऊक नसते. हा तपशील विनोदासाठी येतो आणि विसरला जातो, पण पुढचे सगळे त्यावर उभे आहे: हिकारूचे प्रेम खरे आहे, पण ज्या गोष्टीमुळे ते सुरू झाले ती लबाडी होती, आणि लबाडी करणारा मुलगा तिला कधीच ‘नाही’ म्हणू शकत नाही.

मालिकेत ही शक्ती पुन्हापुन्हा सुटकेसाठी वापरली जाते. दोन मुलींना एकाच वेळी भेटायचे वचन दिले गेले की क्योसुके क्षणात इकडून तिकडे जातो, काळात मागे घसरतो आणि घडलेले निस्तरतो. मालिकेच्या अखेरीस तर तो भूतकाळात जाऊन लहानग्या मादोकाला भेटतो आणि ती लाल टोपी मुळात त्यानेच तिला दिली होती असे वर्तुळ पूर्ण होते. फार सुंदर शेवट आहे तो, पण त्यात हिकारूचा प्रश्न तसाच लोंबकळत राहतो. दोघांच्या प्रेमाला काळाचा आशीर्वाद मिळतो, तिसरीला साधे उत्तरही मिळत नाही.

ते उत्तर ऑक्टोबर १९८८ मध्ये ‘आनो हि नि काएरिताइ’ या चित्रपटाने दिले. दिग्दर्शक तोमोमी मोचिझुकी यांनी, ज्यांनी पुढे १९९३ मध्ये स्टुडिओ जिब्लीसाठी ‘उमि गा किकोएरु’ केला, एक धाडसी निर्णय घेतला: जेमतेम सत्तर मिनिटांच्या या चित्रपटात क्योसुकेची शक्ती कुठेच दिसत नाही. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या वर्षातली तीन सामान्य मुले, एक उन्हाळा, आणि टाळता न येणारी निवड. क्योसुके हिकारूला सांगतो की आपले प्रेम मादोकावर आहे. हिकारू ते ऐकूनही मागे हटत नाही, आणि मग तो तिच्याशी कठोर होतो, कारण दुसरा मार्ग त्याने स्वतःच इतकी वर्षे बंद करून ठेवलेला असतो. आधीच्या ४८ भागांत जे निस्तरता येत होते ते इथे निस्तरता येत नाही. अनेकांना हा चित्रपट क्रूर वाटतो आणि तो आहेच. पण ही क्रूरता प्रामाणिक आहे, कारण मालिकेभर ज्या टाळाटाळीवर आपण हसलो तिची किंमत कोणाला मोजावी लागली हे तो दाखवतो. हिकारूला क्षमा करायला लावण्याचा सोपा मार्गही त्याने घेतलेला नाही.

१९८९ ते १९९१ या काळात थेट व्हिडिओवर आलेले आठ भाग पुन्हा मालिकेच्या काळात शिरले. तिथे तिघेही एकत्र, हसतखेळत. याबद्दल माझी काही तक्रार नाही, कारण ते भाग त्या उन्हाळ्याच्या नंतरचे असल्याचा दावा करत नाहीत.

नोव्हेंबर १९९६ मध्ये आलेला चित्रपट तो दावा करतो. मात्सुमोतो आणि केंजी तेरादा यांच्या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट कुनिहिको युयामा यांनी दिग्दर्शित केला. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या ‘पोकेमॉन’ मालिकेमुळे त्यांचे नाव जगभर गेले. १९९१ मधला एकोणीस वर्षांचा क्योसुके एका अपघातात गाडीखाली सापडतो आणि तीन वर्षे पुढे, १९९४ मध्ये जाऊन पडतो. तिथला बावीस वर्षांचा क्योसुके वृत्तछायाचित्रकार झालेला आहे आणि बोस्नियाच्या युद्धात बेपत्ता आहे. वडील छायाचित्रकार असल्यामुळे हा व्यवसाय पटतो, बोस्निया मात्र पटत नाही. शांतता करार होऊन वर्षही उलटलेले नसताना ते युद्ध इथे केवळ नायकाला दूर ठेवण्यासाठी वापरले आहे. शिवाय कोणतीही निवड न करता येणारा मुलगा मरणाच्या छायेत कॅमेरा घेऊन उभा राहण्याइतका कसा बदलला, हे पाहायला मला आवडले असते. तो सगळा बदल चित्रपटाबाहेरच घडून गेला आहे.

तरीही मादोकाचे प्रसंग पाहताना उशिरा आलेल्या भागाचे समर्थन करावेसे वाटते. मालिकेत मादोका नेहमीच क्योसुकेपेक्षा जाणती होती, पण ते जाणतेपण स्वभावाचे होते. इथे ती खरोखरच त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे. आपला माणूस जिवंत आहे की नाही हे ठाऊक नसताना त्याचाच तरुण चेहरा तिच्यापुढे येऊन उभा राहतो, आणि त्या चेहऱ्याला त्या तीन वर्षांतले काहीच माहीत नसते. तो तिच्यावर प्रेम करतो, पण तिचा तो नव्हे. ही कल्पना १९८७ मध्ये सुचली असती तरी पेलली नसती. तिला पात्रांचे वय वाढावे लागते, प्रेक्षकाचेही वाढावे लागते. मालिका पंधराव्या वर्षी पाहिलेला मुलगा तोवर चोवीस वर्षांचा झाला होता. तोरू फुरुया आणि हिरोमी त्सुरू यांचे तेच आवाज इथे परत आले आहेत, आणि त्सुरू यांच्या स्वरातली सावध माया या प्रसंगांना सांभाळून नेते. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाल्यापासून हे प्रसंग पुन्हा पाहणे जरा जडच जाते, हे जाता जाता सांगून टाकतो.

एरिको हारा यांच्या आवाजातली हिकारू मात्र या चित्रपटात परत येते ती जुना हिशेब मिटवण्यासाठी. ती अमेरिकेत नृत्य करून आली आहे, तिला स्वतःचे आयुष्य आहे, आणि तरीही कथेने तिला पुन्हा त्याच मुलापुढे आणून उभे केले आहे, कारण चित्रपट संपेपर्यंत तिघांमधला ताण निवळायला हवा. तो निवळतोही. इथे शक्ती पुन्हा कामाला लागते. पहिल्या चित्रपटाने जी बाजूला ठेवली होती, तिच्याच आधारे काळात उडी मारून आलेला क्योसुके हिकारूच्या जुन्या जखमेपाशी पोहोचतो. म्हणजे जे प्रेम त्या शक्तीच्या लबाडीतून सुरू झाले, त्याची भरपाईही त्याच शक्तीने केली. लेखकाला हे वर्तुळ रेखीव वाटले असेल. मला ते उधळपट्टीचे वाटते, कारण १९८८ च्या चित्रपटाने मोठ्या कष्टाने कमावलेले तिचे दुःख इथे परत घेतले जाते. बरे, यात समाधान नक्की कोणाचे? हिकारूला क्योसुकेच्या स्पष्टीकरणाची गरज उरली आहे असे मानले तरच हा शेवट तिचा ठरतो. मला तरी ती गरज क्योसुकेची आणि मादोकाची दिसते: आपल्या सुखासाठी जिला दुखावले तिने एकदा तरी हसून निरोप द्यावा, ही. ही इच्छा माणसासारखी आहे, पण कथेने ती पुरवायलाच हवी होती असे नाही.

रूपाबद्दल थोडक्यात: आकेमी ताकादा यांच्या पात्रांची जलरंगी कोवळीक जाऊन ताकायुकी गोतो यांच्या रेषा आल्या आहेत, शिरो सागिसू यांच्या जागी युकी काजिउरा यांचे संगीत आहे. पात्रे ओळखू येतात, जग ओळखू येत नाही. चाहत्यांचा सर्वाधिक राग यावर आहे आणि तो मला समजतो, पण नव्या वयाला नवा चेहरा असणे हा दोष नव्हे.

‘मग तो चित्रपट नसल्यातच जमा करावा का?’ असे विचारणाऱ्यांशी मी सहमत नाही. मादोकासाठी तो पाहावा. फक्त मालिका आणि १९८८ चा चित्रपट यांच्या पाठोपाठ, एकाच बैठकीत पाहू नये; मध्ये काही महिने जाऊ द्यावेत, म्हणजे हिकारूची समजूत काढली जाण्याआधी तिचे म्हणणे काय होते, हे प्रेक्षकाच्या मनात पक्के झालेले असेल.